नऊखणीला नंबर पडला

आमच्या गावात आडनाव कुणी विचारत नव्हतं, खण विचारायचे. घराच्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ज्याच्या घराला जितके खण, तितकी त्याची पत. पाटलाच्या घरावर मजला होता म्हणून ते घर म्हणजे ‘माडी’. वाण्याचं घर दगडी, ते ‘चिरेबंदी’. आमचं ‘नऊखणी’. मला शिवलिंग म्हणून कुणी हाक मारली नाही. नऊखणीचा थोरला पोरगा, एवढ्यावर काम भागायचं. ज्याच्या घराला नाव नव्हतं त्या माणसालाही गावात फारसं नाव नव्हतं. ‘वड्याकडचा’, ‘वेशीबाहेरचा’ म्हटलं की संपलं. हे बरं होतं असं मी म्हणत नाही. होतं ते सांगतो.

गाव मुरुमच्या बाजारापासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतनं. मी तिसरीपर्यंत गेलो, मग बैलांमागं लागलो. मराठी अक्षरं पुढं मठातल्या पोथीवर बोट ठेवून शिकलो, म्हणून हे लिहिता येतंय. चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. महादेवी, म्हणजे माझी बायको, गेली त्याला दोन उन्हाळे झाले. तिच्याविषयी लिहायला बसलो की हात थांबतो. म्हणून ती आमच्या घरात कशी आली आणि एकदा कशी गेली होती, तेवढंच लिहितो.

घरात आम्ही अकरा माणसं. माझे वडील अप्पा, आई अव्वा, आम्ही चार भावंडं, वडिलांचे धाकटे भाऊ बसप्पाकाका, त्यांची बायको शांतव्वाकाकू आणि त्यांची तीन पोरं. पहाटे जात्याचा आवाज, मग म्हशीच्या धारेचा, मग अव्वाच्या थापण्याचा. अव्वाची भाकरी पापडासारखी कडक. आठ-आठ दिवस टिकायची, बुट्टीत उभी रचून ठेवलेली असायची. बरोबर शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. सोप्यात एका ओळीनं पानं मांडायची आणि अप्पा पहिला घास घेईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अप्पांना नऊ खणांपेक्षाही ह्याचा जास्त अभिमान होता, की एवढ्या खणांत चूल एक. मुरुमच्या बाजारात कुणी विचारलं तर म्हणायचे, “नऊ खण, अकरा तोंडं, एक चूल.” विचारलं नाही तरी म्हणायचे.

मी अठरा वर्षांचा झालो त्या सुमारास हे खोटं झालेलं होतं. भांडण दह्यावरनं झालं. काकूचा भाऊ पाहुणा आला होता, त्याला अव्वानं साय काढलेलं दही वाढलं. अव्वा म्हणाली, साय मांजरानं खाल्ली. काकू म्हणाली, “आमच्या घरचं मांजर बरं हाय जाऊबाई. वाटी न सांडता साय उचलतं.” झालं. दुसऱ्या दिवशी काकूनं पांढऱ्या मातीचा गारा कालवला आणि आठव्या खणात, ज्वारीच्या कणगीच्या मागं, आपली चूल घातली. अप्पा तिच्याशी बोलायचे बंद झाले, पण चूल मोडा म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की बाहेर दिसता कामा नये.

आमच्याकडच्या घरांना वर मातीचं माळवद असतं, आणि धूर जायला त्याला भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. एका घराच्या दोन सवण्यांतनं स्वैपाकाचा धूर निघाला की शेजारच्या माळवदावर वाळवण घालणाऱ्या बाईला कळायचं, आणि तिला कळलं की गावाला. म्हणून काकू तांबडं फुटायच्या आत स्वैपाक उरकायची आणि चूल विझवायची. तिची पोरं संध्याकाळी सकाळचीच भाकरी पाण्यात बुडवून खायची. चार हातांवर अव्वाच्या चुलीवर डाळ शिजत असायची, तिचा वास त्यांना येत असणारच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. घराचं नाव राखायचं म्हणजे असंच असतं, असं वाटायचं.

माझ्या लग्नाचं निघालं ते ह्याच वर्षात. मुलगी मुरुमच्या पलीकडची, कानडी बोलणाऱ्या घरातली. सतरा वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या मानानं थोराड. तिच्या बापानं दोन स्थळं मोडली होती. त्यांची थोरली लेक वाटणी झालेल्या घरात पडली होती आणि दोन जावांच्या मधे तिचे हाल झाले होते. ते आमच्या सोप्यात बसले, गूळपाणी घेतलं, वर तुळयांकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “खण मला दिसत्यात. चूल सांगा.”

“एक,” अप्पा म्हणाले.

“मग लेक दिली.”

काका तिथंच बसले होते. त्यांनी खाली बघितलं. त्या वेळी ते बोलले असते तर महादेवी दुसऱ्या कुणाच्या घरात गेली असती. हे मला आता कळतं. तेव्हा काका मुका माणूस आहे एवढंच वाटलं.

संक्रांत झाली आणि दवंडी पिटली, की सरकारची शुमारी, म्हणजे घरांची आणि माणसांची मोजणी, होणार, घराघरावर नंबर पडणार, एका चुलीला एक नंबर. गावात निराळंच सुरू झालं. लोकांना वाटलं नंबर म्हणजे मान. पाटलानं कचेरीतल्या मुन्शीला आधीच कोंबडं खाऊ घातलं आणि मोजणी माडीपासून सुरू करायला लावली. गुरवाचं घर माडीच्या आळीत, म्हणून त्याला सहा नंबर आला, चिरेबंदीला नऊ. वाणी चार दिवस देवळात गेला नाही. म्हणाला, “सहा नंबरच्या हातचा अंगारा नऊ नंबरनं कसा घ्यायचा?” हे तो चेष्टेनं बोलत नव्हता.

मुन्शी आमच्या आळीत यायच्या आदल्या दिवशी काका अप्पांना म्हणाले, “अण्णा, दोन सांगू. सरकारला खोटं कशापायी?”

“दोन सांगितलं की नऊखणी गेली. गाव उद्यापास्नं काय म्हणंल? साडेचारखणी? आन् पोराचं लगीन मोडंल त्ये?”

 काकू आतनं सगळं ऐकत होती. कुणी काही सांगायच्या आत ती पहार घेऊन आठव्या खणात गेली. मी मागं गेलो तर म्हणाली, “तू व्हय बाजूला, शिवा. म्या घातली, मीच मोडते.” तीन घावांत चूल गेली. ढेकळं पाटीत भरून तिनं उकिरड्यावर टाकली, खाली शेणानं सारवलं, आणि वर कणगी सरकवली. मग हात धुवून अव्वाच्या चुलीपुढं येऊन बसली, जशी काय कधी उठलीच नव्हती. अव्वानं तिच्यापुढं पीठ सरकवलं. दोघी एकमेकीकडं न बघता भाकरी थापत राहिल्या.

मुन्शी तुर्की टोपीवाला, अंगानं बारीक. बरोबर एक माणूस, हातात तांबडी काव कालवलेलं मडकं आणि काडीचा कुंचला. घरात शिरला, खण मोजले, माणसं लिहिली. आठव्या खणात मान वर केली. सवण्याच्या भोवतीचं माळवद काळंकुळकुळीत.

“ये छत काली कायकू हुई?”

“म्हशीचं आंबोण शिजवतो साहेब तिथं,” अप्पा म्हणाले.

“चूल्हे कित्ते?”

“एक.”

मुन्शीनं अप्पांकडं बघितलं, मग कणगीकडं, आणि हसला. “नसीबवाली भैंस है,” म्हणाला आणि लिहिलं. चौकटीवर तांबडा नंबर पडला, उर्दू आकड्यांत. आळीत वाचता येणारा मीच होतो. चौदा. अप्पांनी तो माझ्याकडनं तीनदा वाचून घेतला.

दुसऱ्या दिवशी बैल पाण्याला नेले तेव्हा मुन्शी वेशीबाहेरच्या वस्तीत होता. तिथं सगळ्यात शेवटी. शेवटच्या घराला चौकटच नव्हती, बांबूचं ताट्टं होतं. नंबर कुठं घालायचा म्हणून त्यानं तो दारापुढच्या रांजणावर घातला. एकशे सतरा. आम्ही पोरं हसलो. ज्याचा रांजण होता तो म्हातारा म्हणाला, “हसा. रांजण नेईन तिथं घर येतंय माझ्याबरोबर.” त्याच्या बोलण्यावरही हसलो. आज लिहिताना हसू येत नाही.

वैशाखात लग्न झालं. सासऱ्यांनी चौकटीवरचा एकच नंबर बघितला आणि समाधानानं मिशीवर हात फिरवला. लग्नाचे पाहुणे गेले आणि आठ दिवसांत काकूनं परत चूल घातली, त्याच जागी. ह्या वेळी कुणी काही म्हणालं नाही.

महादेवी आमच्या सगळ्यांच्या आधी उठायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मला म्हणाली, “तुमच्या घरात दोन चुली हायत.”

“म्हशीचं आंबोण शिजवत्यात तिथं.”

“म्हशीला शेंगाची चटणी लागती व्हय?”

मी बैल सोडायला निघालो. ती पुढं बोलली नाही. तिचं तसंच होतं. एकदा बोलायची, मग बघत राहायची. साठ वर्षं तिनं मला असंच बघितलं. आता मला वाटतं की तिनं बोलून घ्यावं होतं आणि मोकळं व्हावं होतं.

ज्येष्ठात कंट्रोल आला. लढाई तिकडं कुठं तरी चालू होती, इकडं रॉकेल, साखर आणि कापड मिळेनासं झालं. सरकारनं ते वाटायला काढलं, आणि वाटप नंबरावर. एका नंबराला रॉकेलची एक बाटली, एका नंबराला एक लुगडं. वेशीबाहेरच्या रांजणालाही एक, माडीलाही एक. नऊखणीला अकरा अधिक एक, बारा माणसं, आणि नंबर एक. अप्पांच्या हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. मानापायी जे घेतलं होतं त्यातनं आता कापड निघायचं होतं.

बाटली अव्वाच्या ताब्यात. काकूच्या खणात दिवा दिसला नाही, पोरं चाचपडत निजायची. लुगडं आलं हिरवं, लाल काठाचं. काकूच्या अंगावर दोन जुनी लुगडी फाडून शिवलेला दंड होता, त्याच्यावरही ठिगळं. अव्वानं लुगडं हातात घेतलं, काकूकडं बघितलं आणि महादेवीला दिलं. म्हणाली, “नवी नवरी हाय. लोक काय म्हणत्याल?” काकू म्हणाली, “बराबर हाय. तिलाच शोभतंय.” आणि आत गेली. महादेवी ते घडी करून दोन महिने पेटीत ठेवून होती. नागपंचमीला तिचा बाप न्यायला आला, तेव्हा अव्वानं बळंच नेसवलं.

श्रावणातली ती सकाळ. सासरे सोप्यात बसले होते. अप्पा शेजारी, काका खांबाला टेकून, मी उंबऱ्याजवळ. हुग्गी खाऊन झाली होती. तेवढ्यात काकू मागच्या दारानं शेणाची पाटी घेऊन गेली. सासऱ्यांची नजर तिच्या अंगावरच्या ठिगळांवर गेली, मग आपल्या लेकीच्या हिरव्या लुगड्यावर. ते शेतकरी माणूस. दोन बैलांना सारखा चारा आहे का नाही हे त्यांना लांबनं कळायचं. त्यांनी अप्पांना विचारलं नाही. मला विचारलं.

“जावईबापू, चुली किती?”

मला अजून ते आठवतं. तोंडात हुग्गीची चव होती. अप्पा माझ्याकडं बघत होते. “एक,” मी म्हणालो.

महादेवी खांबाआड होती. डोक्यावरचा पदर सावरून पुढं आली. सुनेनं सोप्यात यायची रीत नव्हती. “दोन हायत, अप्पा,” ती बापाला म्हणाली. “आन् हे लुगडं माझं न्हाय. काकूचं हाय.”

 काकांनी डोळे मिटून घेतले. अप्पांच्या गळ्याची शीर उडत होती. मला वाटलं आता ते उठून हात उगारतात. उठले ते सासरे. आवाज न चढवता म्हणाले, “ईवाई, दोन चुली असत्यात. माझ्याही घरात झाल्यात. पर तुम्ही मला एक म्हणालात, आन् पोरालाबी म्हणायला लावलंत. दोन चुलींना दोन नंबर घाला. मग लेकीला न्यायला या. तवर ती माझ्याकडं.”

“आन् न्हाय घातलं तर?” अप्पा म्हणाले.

“तर ती माझी लेक हाय. मला जड न्हाय.”

महादेवीनं आत जाऊन लुगडं बदललं. हिरवं लुगडं घडी करून काकूच्या कणगीवर ठेवलं आणि बापाच्या गाडीत बसली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. मी वेशीपर्यंत चालत गेलो, गाडीच्या मागं मागं.  तिथनं परत आलो.

पंचमी गेली, पोळा गेला, गणपती बसले आणि उठले. अप्पा कुणाला काही बोलेनात. आळीत बायका पाण्याला जाताना अव्वाला विचारायच्या, “सून अजून माहेरीच?” अव्वा म्हणायची, “तिच्या आईला बरं न्हाय.” काकू चूल दिवसाढवळ्या पेटवायला लागली. दोन सवण्यांतनं धूर जायचा आणि सगळ्यांना दिसायचा. तरी अप्पा हलेनात. एके दिवशी मी त्यांना म्हणालो, “मी कचेरीत जातो.” ते म्हणाले, “जाशील तर परत माझ्या पंगतीला बसू नकोस.” मी भाकरी बांधून घेतली आणि गेलो.

तोच मुन्शी होता. मी उभं राहून म्हणालो, “साब, दो चूल्हे हैं. हम झूट बोले.” वाटेत दहादा घोकून ठेवलं होतं. त्यानं वही काढली. म्हणाला, “भैंस अलग हो गई?” सगळी कचेरी हसली. मी उभाच राहिलो. मग त्यानं सांगितलं की मधे नंबर घालता येत नाही, पुढचा रिकामा नंबर मिळेल. “एक सौ अठारा,” म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढं तो रांजण आला. नऊखणीच्या अर्ध्या घराचा नंबर वेशीबाहेरच्या शेवटच्या रांजणाच्या पुढचा. मी म्हणालो, “लिहा.”

आठ दिवसांनी मुन्शीचा माणूस मडकं घेऊन आला. काकांनी तोवर सहाव्या खणाची भिंत फोडून बोळाकडं दार काढलं होतं. आळीतली माणसं जमली. माणूस म्हणाला, कुठल्या दारावर घालू, तुमचं तुम्ही ठरवा. अप्पा घराच्या चौकटीत उभे. त्यांनी तो आपल्यावर घ्यायचं म्हटलं असतं तर शोभलं असतं, थोरले होते. मीही तोंड उघडलं, आमच्यावर घाला म्हणायला, पण अप्पांकडं बघून उघडं तसंच राहिलं. काका म्हणाले, “नवं दार माझं. माझ्यावर घाला.”

वाणी गर्दीतनं म्हणाला, “काय शांतव्वा, वेशीबाहेर गेलीस म्हणं?”

“गेले,” काकू म्हणाली. “दिवा लावते आज. उजेड तुमच्या चिरेबंदीवर पडला तर पुसून घ्या.”

संध्याकाळी मी सोप्यात जेवायला बसलो. पंगतीला बसू नकोस म्हणणारे अप्पा ताटाकडं बघत राहिले. मग घास घेतला, म्हणून मीही घेतला. ह्यापेक्षा जास्त त्यांनी कधी माफ केलं नाही आणि मीही मागितलं नाही.

महादेवीला आणायला मीच गेलो. येताना गाडीत ती काही विचारत नव्हती. मीच सांगितलं, कचेरीत लोक हसले ते, काकांनी दार काढलं ते. त्या दिवशी सोप्यात तू बरोबर बोललीस आणि मी खोटं बोललो, एवढं वाक्य मात्र वाटेत दोनदा ओठांवर आलं आणि परत गेलं. पुढंही कधी बाहेर पडलं नाही. आता घरात सून आहे, नातवंडं आहेत, पण ते ज्याला सांगायचं ते माणूस नाही.

घरापुढं गाडी थांबली. ती उतरली आणि उभी राहून दोन्ही दारं बघत राहिली. काव अजून ताजी होती. तिला उर्दू आकडे येत नव्हते.

“ह्यो किती?” तिनं काकूच्या दाराकडं बोट केलं.

“एकशे अठरा.”

“आन् आपला?”

“चौदा.”

तिनं मधल्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाली, “एवढ्या एका भिंतीत मधली सगळी घरं कुठनं आली?”

 अप्पा चौदाच्या चौकटीत उभे होते, त्यांनी ऐकलं असणार. महादेवीनं खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला, माहेरच्या शिदोरीची पाटी कडेवर घेतली, आणि आधी काकूच्या दारानं आत गेली.